अत्तर लावावं कसं: हातभर अंतराचा हिशोब

दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, दिवसभर टिकेल ना?" लग्नाच्या खरेदीला आलेली पोरं तर सरळच म्हणतात, "एकदम कडक द्या, लांबून कळलं पाहिजे." साताऱ्यात मोती चौकापासून दोन मिनिटांवर आमचं अत्तराचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, गेली तीस वर्षं मी चालवतोय. कडक माल विकायला काही कष्ट पडत नाहीत, बूच उघडलं की गिऱ्हाईक खूश. तरी पैसे घेण्याआधी मी प्रत्येकाला एक हिशोब सांगतो. तुमचं अत्तर हातभर अंतरावर संपलं पाहिजे. कोणी शेजारी येऊन बसलं, कोणी गळाभेट घेतली, लेकरू कडेवर आलं, तर त्यांना ते यावं. तुम्ही खोलीत शिरायच्या आधी ते शिरत असेल किंवा तुम्ही उठून गेल्यावरही मागे रेंगाळत असेल, तर ते जास्त झालं.

हा हिशोब मला वडिलांनी शिकवला नाही. मावशीमुळे शिकलो. २००१ साली तिची केमो चालू होती, तेव्हा मी तिला दवाखान्यात भेटायला गेलो. सकाळभर शमामा नावाच्या अत्तराच्या बाटल्या भरत होतो, हातांना तो वास होताच, वर नेहमीसारखा कानात हिनाचा फाया, म्हणजे अत्तर लावलेला कापूस. मावशीला जन्मभर अत्तराची आवड, म्हणून मला वाटलं, तिला बरंच वाटेल. मी पलंगाशेजारी बसलो. ती हसली, "आलास का रे" म्हणाली, आणि दोनच मिनिटांत तिने पदर नाकाला लावला. मला वाटलं, रडू आवरतेय. तेवढ्यात तिने काकांकडे हात करून पातेलं मागितलं. सिस्टर धावत आल्या. मला दारापाशी नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, या पेशंटना वासानेच उलटी होते." मी फाया काढून खिशात घातला, पण शर्टात मुरलेला वास कुठे जाणार होता? खाली जाऊन लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मावशीचाच फोन आला. "तुझ्या अत्तराला नावं ठेवू नकोस. माझं नाक सध्या माझं राहिलेलं नाही." त्यातून ती बरी झाली. पुढे दुकानात आली तेव्हा वाळ्याचा फाया तिने स्वतः मागून घेतला. मला मात्र त्या दिवशी पक्कं कळलं की डोळ्यांसमोरची वस्तू नको असेल तर माणूस मान फिरवतो, आवाज नको असेल तर कानांवर हात ठेवतो. वासाचं तसं नाही. श्वास तर घ्यावाच लागतो.

म्हणून आधी कुठे लावू नये ते सांगतो. दवाखान्यात भेटायला जाताना अजिबात नको, अगदी हलकंसुद्धा. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला बघायला जाताना नको. तान्हं मूल आईला वासावरून ओळखतं. त्याला कडेवर घ्यायचं असेल तर तुमचा वास मध्ये येऊ देऊ नका. दिवस गेलेल्या बाईला एरवी आवडणारा वासही नकोसा होतो, तेव्हा घरात सून किंवा बहीण त्या अवस्थेत असेल तर विचारून लावा. कोणाला दमा असेल, अर्धशिशी असेल, तर त्यांच्याबरोबर गाडीत बसताना नको. सुतकाच्या घरी जाताना नको, हे वेगळं सांगायला लागू नये. पंगतीत वाढायचं असेल तेव्हाही नको. वरणावर तूप पडतानाचा वास माणसाला आला पाहिजे. तिथे वाढणाऱ्याच्या मनगटावरचा मोगरा कशाला?

आमच्या भागासाठी एक खास सूचना. गडावर जाताना अत्तर, परफ्यूम, सुगंधी डिओ काहीही लावू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहळं असतात आणि उग्र वासाने या माशा उठू शकतात. धुराने, आरडाओरड्याने उठतात हे सगळ्यांना माहीत असतं, वासाचं कोणी ध्यानात घेत नाही. ट्रेकला निघालेली पोरं दुकानात आली तर मी त्यांना सांगतो, खाली उतरल्यावर या.

आता लावायचं कसं. परवाचीच गोष्ट सांगतो, त्यात सगळं येतं. पुण्याला बँकेत मुलाखतीला निघालेला एक मुलगा आला. पायरीवर असतानाच मला त्याचा वास आला. खाली डिओ, वर परफ्यूम, केसांना सुगंधी जेल, तिन्हींची तीन तोंडं तीन दिशांना. मी विचारलं, "किती वेळा मारलास?" "सात-आठ वेळा. मला तर येतच नाहीये काका, म्हणून नवीन घ्यायला आलो." अगदी प्रामाणिक उत्तर, आणि बहुतेकांची चूक हीच असते. आपलं नाक आपल्या वासाला पंधरा-वीस मिनिटांत सरावतं आणि मग त्याची दखलच घेत नाही. वास गेलेला नसतो, आपल्याला कळायचा थांबलेला असतो. माणूस समजतो उडून गेला, आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मारतो. केबिनमध्ये एसी चालू, खिडक्या बंद, समोर तीन माणसं बसलेली. तिथे या मुलाची हुशारी कोण बघणार? नाकं दाबून बसतील बिचारी.

त्याला आत नेऊन आधी वास उतरवला. ही रीत लक्षात ठेवा, कारण नुसत्या पाण्याने परफ्यूम जात नाही. सुगंधाचा अर्क तेलकट असतो, त्याला तेलच काढतं. कापसावर थोडं बिनवासाचं गोडंतेल घ्यायचं, लावलेल्या जागी हळूहळू फिरवायचं, कोरड्या कापसाने पुसायचं आणि मग साबणाने धुवायचं. पूर्ण गेलं नाही तरी पाऊण हिस्सा उतरतो. शर्टावर मारलेलं असेल तर शर्ट बदलण्याला पर्याय नाही. त्याच्या पिशवीत दुसरा होता, ते बरं झालं.

मग काचेची सळई वाळ्याच्या बाटलीत बुडवली, बाटलीच्या तोंडाला टेकवून निथळू दिली आणि तिचं टोक त्याच्या एका मनगटावर नुसतं टेकवलं. थेंब नाही, टेकवणं. ते मनगट दुसऱ्या मनगटाला टेकवायला लावलं, आणि दोन्ही कानांच्या मागे. संपलं. "एवढंच?" म्हणाला. "एवढंच. आणि घासू नकोस." मनगटं एकमेकांवर खसाखसा घासायची सवय सगळ्यांना असते. घासलं की सुरुवातीचा हलका, ताजा वास पटकन उडून जातो. आपोआप सुकू द्यायचं.

मनगट, कानामागची जागा, कोपराची आतली घडी, गळ्याचा खड्डा, या जागा उबदार असतात म्हणून तिथून वास हळूहळू वर येत राहतो. चारही जागी लावायचं नसतं, दोन पुरेत. हातवारे करून बोलणाऱ्याने मनगटाला लावावं, दिवसभर खाली मान घालून काम करणाऱ्याने गळ्याला लावू नये, कारण तो वास थेट त्याच्याच नाकात जाऊन डोकं धरतं. जुनी माणसं फाया कानाच्या वरच्या खोबणीत ठेवत, त्यात मोठं शहाणपण होतं. कातडीला तेल फारसं लागत नाही, वास आपल्या नाकापासून बाजूला राहतो, आणि नको वाटलं की काढून टाकता येतो. स्प्रेच्या वासाला असं काढून ठेवता येत नाही. फाया करताना कापूस हरभऱ्याएवढा घ्या आणि त्याला अत्तर चाटवा, भिजवू नका.

अंघोळीनंतर अंग नीट पुसून, पण कातडी अजून मऊ असताना लावलेलं सगळ्यात चांगलं बसतं. कातडी कोरडी असेल तर वास टिकत नाही. आधी बिनवासाचं मलम किंवा व्हॅसलीन बोटभर चोळा, त्यावर लावा. "दिवसभर टिकेल ना" या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, जास्त लावणं हे नाही. घामाच्या वासावर मात्र परफ्यूम कधीच मारू नका. घाम आणि सुगंध मिळून जो तिसरा वास तयार होतो तो दोन्हींपेक्षा वाईट. काखेसाठी साधी तुरटी ओली करून फिरवा. स्वस्त आहे, तिला स्वतःचा वास नाही, आणि आमच्या वडिलांनी दुसरं काही वापरलं नाही. दाढी केल्याकेल्या गालाला परफ्यूम लावू नका, आग होते. आणि उन्हात जायचं असेल तर लिंबाच्या जातीचा अर्क असलेलं, विशेषतः बर्गमॉटचं तेल असलेलं, उघड्या कातडीवर नको. त्या तेलांवर ऊन पडलं की काही जणांच्या कातडीवर काळपट डाग उठतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत.

स्प्रेचं माप वेगळं. बाटलीवर काय लिहिलंय ते बघायची सवय लावा. 'ओ द पार्फम' लिहिलं असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के असतो. वीतभर अंतरावरून दोनदा, बस्स. 'ओ द त्वालेत'मध्ये ५ ते १५ टक्के, तीनदा चालेल. 'कलोन'मध्ये दोन-चार टक्केच असतो, तास-दोन तासांत उडतो, त्यामुळे तो जरा मोकळ्या हाताने लावला तरी कोणाला त्रास होत नाही. हे नाव जर्मनीतल्या कलोन शहरावरून आलं. फरिना नावाच्या इटालियन घराण्याने तिथे १७०९ साली पेढी सुरू केली, आणि लिंबू-संत्र्याच्या जातीच्या तेलांचं त्यांचं पाणी जगभर गेलं. आपल्याकडे आजीच्या हातच्या कोलन वॉटरच्या घड्या अनेकांना आठवत असतील. ताप चढला की रुमाल भिजवून कपाळावर. त्यातलं अल्कोहोल उडताना कातडीतली उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटायचं.

अल्कोहोल म्हटलं की आग आलीच. परफ्यूम आणि डिओचे स्प्रे पेट घेतात. देवघरात समई तेवत असताना, गॅससमोर, दिवाळीत पणत्यांजवळ बाटली हातात घेऊ नका. अंगावर मारल्यावर पूर्ण सुकेपर्यंत ज्योतीजवळ जाऊ नका. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान झालं की अंगाला मुळातच सुंदर वास असतो, त्यावर स्प्रेची गरजही नसते.

हीच गोष्ट गजऱ्याची. डोक्यात मोगऱ्याचा गजरा असेल तर अत्तर लावू नका, ही माझी बायकांना हात जोडून विनंती असते. खऱ्या फुलापुढे आमचं कोणतंही अत्तर उभं राहत नाही, आणि दोन्ही एकत्र आले की दोन्ही फुकट. एका वेळी अंगावर एकच वास. साबण, तेल, डिओ, परफ्यूम सगळं वापरायचं असेल तर निदान तीन गोष्टी बिनवासाच्या घ्या.

ऋतूचं म्हणाल तर जुनी विभागणी आजही चोख आहे. चैत्र-वैशाखात वाळा, गुलाब, मोगरा, केवडा. थंडीत हिना, शमामा, अंबर, ऊद. हिना म्हणजे नुसती मेंदी नाही, त्यात मसाले आणि मुळ्या पडलेल्या असतात, म्हणून तो ऊब देणारा वास वाटतो. मे महिन्यात हिना लावून एसटीत बसलेला माणूस शेजाऱ्याचा जीव नकोसा करतो. उकाड्यात वास भरभर उडतो, म्हणजे पहिल्या तासात दुप्पट जोराने अंगावर येतो. तेव्हा उन्हाळ्यात निम्मं लावा. साताऱ्याचा पाऊस तर तुम्हाला माहीत आहे. ओलसर, कोंदट हवेत वास लोंबकळत राहतो आणि न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासात मिसळतो. त्या चार महिन्यांत मी स्वतः फक्त मिट्टी लावतो.

मिट्टी अत्तर बनताना मी उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला पाहिलंय, वडिलांबरोबर १९९४ साली गेलो होतो. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या मोठ्या देगमध्ये पाण्याबरोबर घालतात, झाकण चिकणमातीने बंद करतात, खाली लाकडं आणि शेण्यांचा जाळ. बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात उतरते, त्याला भपका म्हणतात, तो पाण्याच्या टाकीत बसवलेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल असतं. वाफ गार होते आणि सुगंध चंदनात उतरतो. कारागीर घड्याळ बघत नव्हता. भपक्याला हात लावून किती तापलाय ते बघत होता आणि ओल्या फडक्याने देग थंड करत होता. झाकण उघडलं तेव्हा मृगाचा पहिला पाऊस पडल्यासारखा वास आला आणि वडील काही न बोलता तिथेच खाली बसले.

हे सांगण्याचं कारण, खरेदी. खऱ्या चंदनतेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर असतो. गुलाबाचं शुद्ध तेल काढायला तर किलोमागे तीन-चार टन फुलं लागतात. तेव्हा रस्त्यावर शंभर रुपयांत तोळाभर, म्हणजे साधारण १२ मिलिलिटर, 'शुद्ध गुलाब' मिळत असेल तर ते काय आहे हे तुम्हीच ओळखा. बहुतेक अत्तरं आज पॅराफिनसारख्या स्वस्त तेलात किंवा रासायनिक सुगंधांनी केलेली असतात. वापरू नयेत असं मी म्हणणार नाही, मीही ठेवतो, पण विकताना सांगून विकतो. तुम्ही विचारा. जो दुकानदार विचारल्यावर चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

निवडताना एका दिवसात तीनपेक्षा जास्त वास हुंगू नका, चौथ्याला नाक दमतं. मध्ये हुंगायला कॉफीच्या बिया लागत नाहीत. स्वतःच्या शर्टाची बिनवासाची बाही हुंगली तरी नाक ताळ्यावर येतं. आधी कागदाच्या पट्टीवर घ्या, आवडलं तरच मनगटावर. आणि मग दुकानातून बाहेर पडा. खरंच पडा. राजवाड्यापर्यंत चालत जा, कंदी पेढे घ्या, अर्ध्या तासाने मनगट हुंगा. बाटली उघडताना येतो तो वरवरचा वास पंधरा मिनिटांत जातो, मधला दोन-तीन तास राहतो आणि बुडाचा वास संध्याकाळपर्यंत. तुम्हाला राहायचंय बुडाच्या वासाबरोबर. मित्राला छान वाटतं म्हणून घेऊ नका, तोच वास तुमच्या कातडीवर वेगळा येतो. माझं अर्धं गिऱ्हाईक असं बाहेर जाऊन परत येत नाही. मला ते चालतं.

कपडे आणि दागिन्यांबद्दल थोडक्यात. क्रम असा ठेवा: आधी सुगंध, पाच मिनिटं थांबणं, मग कपडे, सगळ्यात शेवटी दागिने. मोत्यांवर परफ्यूम पडला की त्यांची झळाळी कायमची मंदावते. नथ, तन्मणी, मोत्यांच्या कुड्या जपा. पैठणीवर, जरीवर काहीही मारू नका. रेशमावर पडलेला अत्तराचा तेलकट डाग ड्रायक्लीनिंगलाही दाद देत नाही, आणि हिना, शमामा, केशर यांचा रंग तर पांढऱ्या सदऱ्यावर कायमचा बसतो. सुती कपड्याला लावायचंच असेल तर आतल्या बाजूने, शिवणीच्या पट्टीवर.

हळदीकुंकवाला अत्तर लावण्याची आपली रीत मला फार प्रिय आहे. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला लावायचं, म्हणजे जेवणाच्या बोटांना वास लागत नाही. कोणी ठरवलं माहीत नाही, पण ज्याने ठरवलं तो विचारी माणूस होता. लावणारीने "लावू ना?" एवढं विचारावं. कोणी हात मागे घेतला तर आग्रह नको, गुलाबपाण्याचा शिडकावाही तिच्या बाजूने नको. घेणारीला त्रास होत असेल तर "मला फाया द्या" म्हणावं, घरी नेऊन ठेवावा. मान राखला जातो, डोकंही दुखत नाही.

आणि दुसऱ्याचा वास आपल्याला जास्त होत असेल तर? सांगायचं, पण एकट्याला गाठून, त्याच दिवशी, आणि दोष स्वतःच्या नाकावर घेऊन. "तुमचं अत्तर छान आहे, पण माझं डोकं लगेच धरतं, ऑफिसला थोडं कमी लावाल का?" चारचौघांत नाक धरून दाखवू नका. मावशीने मला कसं सांगितलं ते वर लिहिलंच आहे. मी त्या वाक्याने दुखावलो नाही आणि ते विसरलोही नाही.

बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. ऊन, उष्णता आणि दमट हवा या तिघांनी परफ्यूम खराब होतो. रंग गडद होतो आणि लावल्या-लावल्या आंबूस वास मारतो. खोक्यातच, कपाटात ठेवा. अत्तर काचेतच ठेवा, प्लास्टिकच्या डबीत नाही. चंदनात उतरवलेलं चांगलं अत्तर वर्षागणिक मऊ होत जातं, ते जपून वापरा. परदेशी निघाला असाल तर हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, सामानात द्या. आणि संपलेली शिशी फेकू नका. बूच काढून सुती कपड्यात सैल गुंडाळा आणि साड्यांच्या कपाटात, साडीला टेकणार नाही अशी कोपऱ्यात ठेवा. वर्षभर तरी दार उघडलं की हलकेच येत राहील.